काट्याचे तीन हिसके

वायरमनच्या मधल्या लेकीचं लग्न झालं, ते वर्ष. घर पाहुण्यांनी भरलं होतं आणि तो दाजींच्या बोटीत गुडघ्यांवर बसून वायरी सोडवत होता. दाजी म्हणजे त्याच्या थोरल्या बहिणीचा नवरा. एकटाच बोट घेऊन मासेमारीला जायचा.

"वायरमन, लग्न तुझ्या लेकीचं आणि उपवास माझ्या फ्रिजला?" दाजी केबिनच्या दारातून म्हणाला.

बोटीत दोन बॅटऱ्या होत्या. एक इंजिन सुरू करायला, दुसरी फ्रिज, दिवा आणि वायरलेसला. इंजिन चाललं की पट्ट्यावर अल्टरनेटर फिरतो आणि दोन्ही भरतो. फ्रिजच्या बॅटरीने पहिलीतलं ओढून घेऊ नये म्हणून मध्ये आयसोलेटर असतो. तो जळाला होता. नवा यायला चार दिवस लागणार होते. वायरमनने वीतभर लाल वायर कापली आणि दोन्ही बॅटऱ्या सरळ एकमेकींना जोडून टाकल्या.

इंजिन हळू ठेवलं तर अल्टरनेटर देईल त्याहून जास्त फ्रिज खाईल आणि दोन्ही बॅटऱ्या बसतील, हे सांगायचं त्याच्या ओठांवर होतं. तेवढ्यात घरून फोन आला. तो उतरला तो उतरलाच.

लग्न आटोपलं आणि शनिवारी दाजी बोट घेऊन गेला. रविवारी परतला नाही.

शोधपथकाच्या साहेबाने फोनवर विचारलं, "दोन्ही बॅटऱ्या वेगळ्या आहेत ना?"

समोर नवे व्याही बसले होते. वायरमन म्हणाला, "वेगळ्याच आहेत. इंजिन केव्हाही सुरू होईल."

म्हणून पथकाने बोट इंजिनावर जाऊ शकेल त्या बंदरांकडे शोध घेतला. ती मात्र प्रवाहाबरोबर उलट्या दिशेला, वायरलेसच्या टप्प्याबाहेर वाहत होती. नवव्या दिवशी सापडली. दाजी केबिनमध्ये होता. डॉक्टरने मृत्यूचा दिवस अंदाजाने रविवार लिहिला आणि बहिणीला सांगितलं, हाल झाले नाहीत. बोट धक्क्याला लागताच वायरमन सगळ्यांच्या आधी चढला, लाल वायर काढली आणि खिशात घातली. अहवालात मालकाचा निष्काळजीपणा आला.

दोन महिन्यांनी बहीण म्हणाली, "बोट विकून टाकू. एकदा वायरिंग बघून दे. इतके शिस्तीचे तुझे दाजी, असे कसे रे गाफील राहिले?"

वायरमनने चहाचा कप खाली ठेवला. "रविवारी बघतो," तो म्हणाला.

रविवारी दुपारी तो बोटीत गेला. इंजिन कारखान्यात नेलं होतं. बॅटऱ्याही काढल्या होत्या. त्यांच्या जागी धुळीत दोन स्वच्छ चौकोन उरले होते. केबिनमध्ये डिझेलचा आणि ओल्या दोरांचा वास. त्याने पॅनेलवरची धूळ पुसली, तर किती वीज खर्च होतेय ते दाखवणारा अँपिअरचा काटा चारवर होता.

चार म्हणजे फ्रिज.

तो हसला. मीटर बिघडला असणार. त्याने टिचकी मारली. काटा सहावर गेला. सहा म्हणजे फ्रिज आणि दिवा. मग काट्याने तीन हिसके दिले, थोडा थांबला, पुन्हा तीन.

त्याने धक्क्यावरची वीज तपासली. जोडलेली नव्हती. पॅनेलला येणारी जाड केबल त्याने पक्कडीने तोडली आणि घरी गेला.

सोमवारी काटा दोनवर होता. फ्रिज बंद केला होता कुणीतरी. बॅटरी वाचवायला. हिसके मात्र येत होते, तीन आणि तीन.

मंगळवारी दिवाही नव्हता. काटा शून्यावर पडून होता. बराच वेळ गेला की उठायचा, तीनदा, आधीपेक्षा कमी.

बुधवारी दुपारी तो बहिणीला घेऊन आला.

"काय दाखवतोयस? मला इथे बसवत नाही रे," ती म्हणाली.

"ताई, काट्याकडे बघ."

काटा उठला. तीन हिसके. बारीक, थरथरते.

बहिणीने पदर तोंडाला लावला. "वायरलेसचं बटण. बोलायच्या आधी तीनदा दाबायचे. मी म्हणायची, दार ठोठावताय का?" मग तिने खाली पाहिलं. "बॅटरी कुठंय?"

"नाहीये."

"मग हे कशावर चाललंय?"

त्याने खिशातून लाल वायर काढून तिच्या हातावर ठेवली. दोन महिने ती त्याच खिशात होती. त्याने सगळं सांगितलं. अल्टरनेटरचं, साहेबाच्या फोनचं, व्याह्यांचं.

बहीण वायर हातात फिरवत राहिली.

"गरम आहे ही," ती शेवटी म्हणाली.

काटा उठला. एकदा. पुन्हा एकदा.

वायरमनने घड्याळ पाहिलं. दोघं तिसऱ्याची वाट बघत राहिले.

अंधार पडेपर्यंत बसले. काटा हलला नाही. वायर बहिणीच्या मुठीत हळूहळू गार झाली.

कागदावर दाजी रविवारी वारला असं आहे. दाजी बुधवारी वारला, दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी.