पाणचक्कीतलं कोमट पीठ

हे मी तिखटमीठ लावून सांगत नाहीये. आठवलं तरी तोंडाला पाणी सुटतं... उलटीच्या आधी सुटतं तसं. पण घडलंय ते माझ्या डोळ्यांसमोर.

गेल्या हिवाळ्यातली भर दुपार. मी आणि मावशी गावाबाहेरची जुनी पाणचक्की बघायला गेलो होतो.

मावशीने उभा जन्म पिठाच्या गिरणीत काढला. "माझे केस कधी पिकले ते कुणाला कळलंच नाही," असं हसत सांगायची. गिरणी विकल्यापासून मात्र घरात नुसती बसून असायची. म्हणून मीच तिला नेलं.

आमच्याशिवाय तिथे कुणी नव्हतं. दारात तिकिटं फाडणारा रखवालदार तेवढा होता.

आत दगडी खोली. लाकडी आवरणाखाली झाकलेलं मोठं जातं, त्यातून खाली येणारी पन्हळ, आणि पन्हळीखाली पिठाची पेटी.

आणि आवाज...

घर्र... घर्र...

"चालू ठेवलीय वाटतं," मावशी खुशीत म्हणाली.

मी खिडकीतून पाहिलं. बाहेरचं चाक जागच्या जागी उभं होतं. पाटात पाण्याचा थेंब नव्हता, नुसता वाळका पाला.

मग फिरत काय होतं...?

मी वळेपर्यंत मावशीने सवयीने पन्हळीखाली हात धरला होता. त्यावर पीठ पडत होतं. राखाडी.

"कोमट आहे गं."

मी बोट लावून पाहिलं. दळलेलं पीठ गरम असतं, तसं नाही... अंग कोमट असतं तसं. आणि वास बरेच दिवस न धुतलेल्या डोक्याचा.

"मावशी, टाक ते."

पण तिने चिमूट जिभेवर ठेवलीही होती. गिरणीवाल्यांची खोड, दुसरं काय.

आवाज थांबला.

मावशी चावत राहिली.

"अगं, थुंक ना."

"थुंकतेय... संपतच नाहीये."

खरंच संपत नव्हतं. ती रुमालात लगदा काढायची, की गाल पुन्हा फुगायचे. मग तिने दोन बोटांनी दातांतून एक केस ओढला. तो येतच राहिला. लांब, ओला, बुळबुळीत...

टोकाला नख गुंतलं होतं.

माणसाचं. अख्खं.

माझी किंकाळी ऐकून रखवालदार धावत आला.

"पीठ? अहो ताई, आत वरचा दगडच नाही. कधीच काढून नेलाय."

त्याने पन्हळीकडे बोट दाखवलं. तिच्या तोंडावर कोळ्याचं जाळं होतं...

जराही न फाटलेलं.

मी रुमाल पुढे केला. त्याने पाहिलं, भिंतीला हात टेकला आणि भडाभडा ओकला.

डॉक्टरांना मावशीच्या तोंडात काहीच सापडलं नाही. रुमाल मी मागच्या अंगणात जाळला. त्याचा करपलेल्या मांसासारखा वास माझ्या हातांना कितीतरी दिवस येत होता.

मावशीलाही शिसारी यायची. तो विषयच काढू द्यायची नाही.

परवा तिचाच फोन आला.

"पुन्हा जाऊया का गं तिकडे?"

"कशाला?"

"तशी चव नंतर कुठे मिळालीच नाही."

पुढे फोनमधून नुसतं चावणं ऐकू येत होतं... सावकाश, कचकच...

"मावशी, काय खातेयस?"

"काही नाही गं," ती भरल्या तोंडाने म्हणाली.

तिचं घर पलीकडच्याच गल्लीत आहे.

मी अजून गेलेले नाही.