शटर बंद असतानाचा फोटो

मुलीला तीन वर्षं पूर्ण झाली आणि शब्द येत होते अकरा. आई, बाबा, नको, दे, पंखा... आई रात्ररात्र अंथरुणात ते मोजत पडायची आणि 'भू'पाशी येऊन अडायची. कुत्रा दिसला तरी भू, मांजर दिसलं तरी भू. मग तो धरायचा की सोडायचा? या काथ्याकुटात पहाट व्हायची.

"बोलेल गं," नवरा म्हणायचा. "मीसुद्धा चार वर्षांचा होईपर्यंत नुसता हुं हुं करायचो म्हणे."

अजून तरी कुठे वेगळं करतोस, हे तिच्या अगदी ओठांवर यायचं. पण खरी बोच वेगळीच होती. दिवसभर कॅमेऱ्यामागे मिठाची गुळणी धरून उभी राहणारी आई. पोरगी बोलायला शिकणार तरी कुणाकडून?

तिचं काम भांड्यांचे फोटो काढायचं. एक कुंभारीण मैत्रीण होती, तिच्या वाडग्यांचे, सुरयांचे. घरातल्याच मागच्या खोलीत, उत्तरेच्या खिडकीच्या उजेडात. कॅमेरा जुना, फिल्मचा, ठोकळ्यासारखा. पण त्याच्या पाठीवरची फिल्मची पेटी काढून तिनं डिजिटल बॅक बसवली होती. तेवढ्यात एक म्हातारे फोटोवाले आपला स्टुडिओ बंद करतायत असं कळलं, म्हणून ती लेन्स बघायला गेली. त्यांनी आयुष्यभर मुलांचेच फोटो काढले होते. लेन्स पितळी कडांची, हातात वजनदार, काचेत कुठे ओरखडा नाही.

"घरात लहान मूल आहे का?" त्यांनी विचारलं.

"आहे. का हो?"

"मग बरं," ते म्हणाले, आणि लेन्स रुमालात गुंडाळून दिली.

नवऱ्यानं घरी ती जोडणी बघितली आणि म्हणाला, "म्हातारीला नवी कवळी बसवलीस की!"

कवळी मात्र छान बसली. वाडग्यांची गोलाई अशी उतरायला लागली, की हात लावून बघावंसं वाटावं. एकच गोष्ट होती. त्या मंद उजेडात फोटोला तीस सेकंद लागायचे, आणि एवढा वेळ शटर उघडं राहिलं की बॅकला जणू मुंग्या येतात. फोटोभर बारीक ठिपके उठतात. म्हणून बॅक आपणच एक युक्ती करते. शटर मिटल्यावर पुन्हा तीस सेकंद, मिट्ट अंधारात, दुसरी फ्रेम घेते. तिच्यात फक्त ठिपके असतात. मग पहिलीतून दुसरी वजा करते आणि स्वच्छ फोटो हातात देते. ती काळी फ्रेम कुणी बघत नाही. बघण्यासारखं असतं काय तिच्यात?

माणसाच्या चेहऱ्यावर लेन्स कशी वाटते ते बघायला तिनं मुलीला बसवलं. तीस सेकंद न हलणारं दुसरं कोण मिळणार? घरात तिला ठकी म्हणायचे, आणि ठकी खरंच कापडाच्या बाहुलीसारखी बसली. न बोलणाऱ्या मुलीचा हा एक फायदा, असं मनात आलं आणि आईला स्वतःचीच लाज वाटली.

फोटो सुंदर आला. फक्त ठकीच्या ओठांवर काळपट डाग होता.

लेन्सला बुरशी असेल म्हणून तिनं टॉर्च मारून बघितलं, काच लख्ख. बॅकवर धूळ असेल म्हणून पुसली. मग ठकीला खिडकीच्या दुसऱ्या बाजूला बसवून फोटो काढला, तर डागही तिच्याबरोबर तिकडे गेला. धूळ अशी माणसाच्या मागे मागे फिरत नाही.

म्हणजे वजाबाकीत काहीतरी चुकत होतं. तिनं सेटिंगमध्ये जाऊन काळ्या फ्रेम वेगळ्या साठवायला सांगितलं, ओळीनं तीन फोटो काढले आणि ठकी दुपारची झोपल्यावर संगणकापुढे बसली.

पहिली काळी फ्रेम उघडली. काळीच होती. उजेड वाढवला... आणखी वाढवला. अंधारातून हळूहळू खिडकीची चौकट वर आली. मग शेजारचं रिकामं स्टूल. मग ठकी.

उजेड शिरतोय कुठून तरी, ती स्वतःला म्हणाली. जुनी लेन्स, नवी बॅक, मधे कुठेतरी फट असणारच. इथपर्यंत सगळं समजण्यासारखं होतं.

पण ठकीचं तोंड उघडं होतं.

दुसऱ्या फ्रेममध्ये ओठांचा चंबू होता. तिसऱ्यात ते रुंदावलेले, 'ई' म्हणताना होतात तसे. मान किंचित वळवून, हात नाचवत, ठकी त्या रिकाम्या स्टुलाला काहीतरी रंगवून सांगत होती.

आणि आई तर त्या साऱ्या वेळात कॅमेऱ्यामागे उभी होती. डोळ्यांची पापणी न लववता बघत होती. ठकीनं ओठ उघडले नव्हते.

उठावं, लेन्स काढावी, रुमालात गुंडाळून परत देऊन यावी, हे सगळं आईला सुचलं. पण नजर त्या चेहऱ्यावरून हटेना. केवढी खुशीत होती पोर! अकरा शब्दांत कुणी असे हात नाचवत नाही. आपली मुलगी बोलते... फक्त शटर मिटलेलं असताना बोलते. भीती होती, पण तिच्या बुडाशी एक वेडा आनंद होता, आणि त्याच्यापुढे भीतीचं काही चालेना.

कॅमेऱ्याच्या मागून ऐकू येत नसेल. पुढे जाऊन बसायला हवं.

ठकी उठली, दूध प्यायली, आपणहून येऊन आपल्या छोट्या खुर्चीवर बसली. आईनं लेन्सपुढे गडद काच लावली, म्हणजे फोटोला चार मिनिटं लागतील आणि अंधारही चार मिनिटांचाच मिळेल. शटर उघडलं. चार मिनिटं ठकी पायाच्या अंगठ्याकडे बघत बसली. खिडकीबाहेर कुणीतरी सायकल ढकलत नेत होतं. मग शटर मिटलं. खट्.

आई लगबगीनं पुढे गेली आणि ठकीशेजारच्या स्टुलावर बसली. रोजचं ते कडक, लाकडी स्टूल आज अजिबात टोचलं नाही. उलट असं निवांत वाटलं, की कित्येक महिन्यांत वाटलं नव्हतं. खांदे आपोआप सैल पडले. खोलीत कसलासा जुन्या टाल्कम पावडरचा वास होता.

"ठके..." तिनं अगदी हळू हाक मारली.

ठकीनं मान वळवली. डोळे चमकले.

"आई, आज तू पण आलीस?"

अख्खं वाक्य! कर्ता, क्रियापद, 'पण'सुद्धा! आईला हसू आलं आणि डोळे भरून आले. शब्द मोजायचंही भान राहिलं नाही. तिनं त्या इवल्याशा मुठी हातात घेतल्या.

"आले ना गं, राणी. बोल ना... अजून बोल. काहीही बोल."

ठकीनं आधी आईकडे बघितलं, मग आईच्या खांद्यावरून जरा मागे. आणि कुणाला अवघडायला होऊ नये अशा समजुतीच्या सुरात म्हणाली,

"जरा पुढे सरक ना, आई. तिच्या पदरावर बसलीयेस तू. मांडीवर बस, पण पदर सोड."