काची कुणावर ओरडते

झाडावरून उतरताना माझा पाय थेट कुणाच्या तरी खांद्यावर पडला.

"शिडी डावीकडे आहे," खांद्याचा मालक शांतपणे म्हणाला.

वर काची या मॅग्पाय पक्ष्यांचं काळंपांढरं जोडपं कलकलाट करत माझ्या टोपीवर चोची मारत होतं. त्यांच्या घरट्यातली सहा अंडी मी नुकतीच मोजली होती. विद्यापीठात मी पक्ष्यांचाच अभ्यास करते. खांदा छान होता, डोळे त्याहून छान... पण थांबायची सोय नव्हती. मी पळाले.

काचीशी एकदा वैर घेतलं की संपलं. घरट्यापर्यंत चढलेला चेहरा ती शंभर माणसांत ओळखते. दुसऱ्या दिवशी सकाळी मी चोंगजू शहरातल्या त्या झाडाच्या गल्लीत वळले मात्र, दोघं माझ्या नावाने शंख करू लागली. झाडाखालच्या नूडल्सच्या दुकानातून एक बाई पळी घेऊनच धावत बाहेर आल्या.

"सकाळी काची ओरडली! भाग्याचा पाहुणा येणार!" त्यांनी गल्ली न्याहाळली. गल्लीत मी एकटीच. "ये पोरी, बस!"

आमच्याकडे कोरियात या समजुतीवर कुणी वाद घालत नाही. शिवाय वाडगा घेऊन आला तो कालचा खांदा — बाईंचा मुलगा, मुयॉल.

"पक्षी किती प्रेमाने बोलावतात तुम्हाला, नाही?" तो पुटपुटला.

"गप्प बसाल का... प्लीज!"

"बसेन. पण उद्याही यावं लागेल."

मी महिनाभर गेले. घरट्याच्या नोंदी दहा मिनिटांत उरकायच्या, मुयॉलच्या थट्टेला दोन तास लागायचे. शिंपल्यांचं सूप पुढ्यात ठेवताना तो वाडग्यावरचा हात लवकर काढायचा नाही — "गरम आहे हं" — आणि मी उगाच "कुठे?" म्हणायचे. वाईट एवढंच, की मावशींचा, म्हणजे त्याच्या आईचा, विश्वास वाढत चालला. "काची दुसऱ्या कुणाला बोलावत नाही. ही माझी सूनच!" असं त्या गिऱ्हाइकांना सांगू लागल्या. मला ते सूनपण हवं होतं, अगदी मनापासून हवं होतं. पण मिळत होतं ते शिव्यांच्या जोरावर. खरं कळल्यावर मावशी मला दारात तरी उभं करतील का?

मेच्या सुरुवातीला पिल्लांच्या पायात ओळखीची कडी घालायची होती. म्हणजे पुन्हा झाडावर, तेही मावशींच्या डोळ्यांदेखत. शिडीला हात लावला आणि तिथेच थांबले.

"मी चढतो," मुयॉल म्हणाला. "पिल्लं पिशवीतून खाली सोडतो. तुम्ही कडी घाला, मी परत ठेवतो."

"वेडे आहात का? जन्माचं वैर घ्याल!"

"बघू."

तो चढला. काचींनी त्याचे कान सोलून काढले...

दुसऱ्या दिवशी तो आपल्याच दुकानातून बाहेर आला आणि झाडावर कल्लोळ उठला. मावशी धावल्या. गल्ली रिकामी. समोर फक्त पोटचा मुलगा.

"अगंबाई, हा कसला पाहुणा?"

तेवढ्यात मी गल्लीत वळले — दुप्पट कलकलाट! मावशींनी वर पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, मग मुलाच्या लाल कानांकडे.

"मावशी," मी डोळे मिटून सांगून टाकलं, "त्या मला बोलावत नाहीत. शिव्या घालतात. पहिल्या दिवसापासून. मी त्यांची अंडी मोजली होती."

"म्हणजे महिनाभर मी शिव्या ऐकून सूप पाजलं?"

"हो..."

"आणि हा गाढव कशाला चढला वर?"

"एकटीलाच किती शिव्या खाऊ द्यायच्या?" मुयॉल म्हणाला. "मला ती आवडते, आई." मग माझ्याकडे वळून, महिनाभर जपलेलं 'तुम्ही' सोडून — "आता या काचींमुळे चोरून तर भेटता येणार नाही. उघडच फिरशील माझ्याबरोबर?"

"फिरेन," मी म्हणाले. त्या गोंगाटात ते कुणालाच ऐकू गेलं नाही. मी पुन्हा ओरडून म्हणाले, "फिरेन!"

मावशींनी पळी उगारली. मी मान खाली घातली. पण पळी झाडाकडे वळली होती.

"ए, बास करा गं! पाहुणी नाही ती. घरचीच आहे!"