ठोका कुणाचा

बालहृदय कक्षात शाल्मलीच्या पाळण्यापाशी ताल-पेटीचा हिरवा दिवा लुकलुकत होता. शस्त्रक्रियेच्या वेळी पेटीची विरघळतार तिच्या हृदयाला जोडली होती. पेटीनं इशारा द्यायचा, हृदयानं ठोका. नंतर तार अंगातच विरघळायची, ओढून काढायची जोखीम नको.

"अजून सगळे ठोके पेटीच देतेय," डॉ. दिघावकर म्हणाले. "उद्या कायमची पेटी बसवू."

"म्हणजे पुन्हा छाती उघडणार." केतकीनं लेकीच्या टाळूवरचं बोट काढलं नाही. "पेटी थांबवून पाहिलीत एकदा?"

"गरज नसते. हिशेब तीच ठेवते."

"मग दिवा मागे का पडतो? आधी दिवा लागायचा, मग टाळू उडायची. परवापासून टाळू आधी उडते. सिस्टरना सांगितलं, तर म्हणाल्या, थोडी झोप काढा."

पेटी बनवणाऱ्या कंपनीचे अभियंता पितळे हसले. "ताई, ही शिकणारी पेटी आहे. बोटानं तिची परीक्षा नका घेऊ."

"शिकते म्हणजे काय करते?"

"मॉनिटरवरचे ठोके ती बिनतारी वाचते. इशारा ठोक्याशी जुळला की तिला गुण. नाही जुळला, की ती इशाऱ्याची वेळ बदलते."

"आणि तापात तार लवकर विरघळते? हिला ताप येऊन गेलाय."

पितळेंचं हसू मावळलं. "विरघळू शकते. पण मग जुळणी बिघडेल, पेटी ओरडेल."

"कशाला ओरडेल? हृदय आपलं आपण चालत असेल, तर ती त्याच्या मागोमाग दिवा लावेल आणि गुण खाईल. तसंच शिकवलंयत तुम्ही तिला. आणि त्या गुणांवर विसंबून माझ्या लेकीची छाती फाडायला निघालात."

दिघावकरांनी तिच्या बोटाशेजारी आपलं बोट टेकवलं. बराच वेळ ते दिव्याकडे बघत राहिले. मग त्यांनी शाल्मलीच्या छातीवर बाहेरून ठोके देणारे पॅड लावून घेतले, सिस्टरला तयार राहायला सांगितलं आणि पेटीतून तारेची पिन उपसली.

केतकीनं बोट टाळूवर तसंच ठेवलं. आपलंच चुकलं असलं तर?

बोटाखाली टाळू उडाली. पुन्हा उडाली.

पेटी दिघावकरांच्या हातात होती, कशालाही न जोडलेली. तिचा हिरवा दिवा तरीही शाल्मलीच्या प्रत्येक ठोक्यामागून लागत होता. पेटीच्या पडद्यावर अक्षरं होती: 'पेटीचे ठोके शंभर टक्के.'

पितळेंनी बटणाकडे हात नेला.

"बंद नका करू," केतकी म्हणाली. "या पेटीच्या सांगण्यावरून आजवर ज्या मुलांना कायमची पेटी बसवलीत, त्यांच्या आईवडिलांना बोलवा. आणि हे दाखवा."