डावीकडची खुर्ची

दुपारी कस्तुरानं नवऱ्यापुढं ताट ठेवलं आणि ती पाणी आणायला आत गेली. खाली चाकणच्या बाजारातून निघालेले कांद्याचे ट्रक खोळंबले होते, त्यांचे हॉर्न चालूच होते.

विलास मागच्या महिन्यात कंपनीत शिफ्टवरच कोसळला होता. तोंड वाकडं झालं, जीभ जड झाली, डावा हात लुळा पडला. मेंदूच्या उजव्या बाजूला रक्त पोचलं नाही, डॉक्टर म्हणाले. "डोळे चांगले आहेत, पण डावी बाजू त्यांच्या ध्यानातच येणार नाही. अर्धंच ताट जेवतील. तुम्ही ताट फिरवत जा, आणि सध्या बसायचं ते उजवीकडे बसा."

तसंच चाललं होतं. अर्धी भाकरी संपली की कस्तुरा ताट फिरवायची, मग उरलेली त्याला दिसायची. आज पाणी घेऊन आली तर ताटाची डावी बाजू चाटूनपुसून साफ! उजवीकडचा भात तसाच.

"अहो, हे कुणी खाल्लं?"

"रुपालीनं," विलास मान न वळवता म्हणाला. "भूक लागली होती तिला…"

रुपाली म्हणजे त्याची पहिली बायको. बाळंतपणात गेलेली. तिच्या नावाचा चांदीचा टाक लग्नातच सासूनं कस्तुराच्या गळ्यात घातला होता. सवतीचा टाक दुसरीनं घालायचा आणि जन्मात काढायचा नाही, अशी रीत. कस्तुरानं निमूट घातला. सणावाराला आधी टाकाला नैवेद्य दाखवला, मग स्वतः जेवली.

पण आतून जळत होती हो बाई! गू-मूत काढायचं हिनं, रात्री कूस बदलायची हिनं, आणि कौतुक त्या मेलीचं!

"कुठं बसलीय ती?"

"इथंच… डावीकडं." आणि तो हसला. इतक्या वर्षांत कस्तुराकडं बघून तो असा एकदाही हसला नव्हता.

डावीकडं नुसती रिकामी खुर्ची होती. पण तिथून ओल्या केसांचा, शिकेकाईचा वास येत होता. घरात शिकेकाई कुणी आणलीच नव्हती.

कस्तुराला भीती वाटली, पण मत्सर त्याहून मोठा होता. "नवरा माझा आहे," ती दातओठ खात म्हणाली. गळ्यातला टाक तिनं हिसडून तोडला, विलासच्या उजवीकडच्या, आपल्या रोजच्या खुर्चीत भिरकावला आणि तरातरा जाऊन डावीकडच्या खुर्चीत बसली. बैठक कोमट होती.

"आता बघू कशी येते ती! अहो… इकडं बघा."

विलासनं बघितलं नाही. तिनं त्याचा लुळा हात धरला, गदागदा हलवला. त्याला पत्ताच नव्हता. तो उजवीकडं वळला आणि मायेनं म्हणाला, "कस्तुरा, दमलीस का गं?"

"अहो, मी इथं आहे… इथं!"

तेवढ्यात शेजारच्या सुमनताई कढीची वाटी घेऊन दारात आल्या. कस्तुराचा जीव भांड्यात पडला. "ताई, बघा ना हे कसं करतात…"

सुमनताई आत आल्या आणि तिच्या पुढ्यातून सरळ उजव्या खुर्चीपाशी गेल्या. वाटी पुढं करत हसल्या.

"धर गं कस्तुरा. आज केस धुतलेस वाटतं?"

सुमनताईंच्या मेंदूला तर काहीच झालं नव्हतं.