सुचवणारी चौकट

अनिशच्या वर्षश्राद्धासाठी दिव्या देवबागला आली, तेव्हा तिच्या पिशवीत आईसाठी घेतलेलं लुगडं होतं आणि एका परक्या बाईच्या पत्राची छापील प्रत होती. पत्र अनिशच्या ई-मेलवर आलेलं; त्याचं टपाल आता दिव्याच बघायची. तो वर्षापूर्वी गेला, हे त्या बाईला ठाऊक नव्हतं.

अनिश तिचा धाकटा भाऊ. पुण्याला नोकरी करता करता त्यानं संगणकासाठी एक लहानशी चौकट लिहिली होती. तीत एक अक्षर टाइप केलं की त्या अक्षराची नावं खाली उतरायची, हवं ते निवडायचं. तिला त्यानं ‘सुचव’ म्हटलं आणि इंटरनेटवर मोकळी सोडून दिली. कुणीही घ्यावी, कुणीही बदलावी. २००८च्या आश्विनात तो सुट्टीला आला, वडिलांबरोबर होडीवर गेला आणि खाडीच्या मुखाशी होडी उलटली. वडील, हरिश्चंद्र, पोहत काठाला लागले. अनिश मिळाला नाही. चार दिवस खाडी शोधली, मग दर्भाचा पुतळा करून अग्नी दिला.

पत्र लिहिणारी मार्ता बोलिव्हियातल्या डोंगरावरच्या एका दवाखान्यात काम करायची. रुग्णांची नावं शोधायला ते ‘सुचव’ वापरत. ज्या फ्रेमवर्कवर, म्हणजे तयार सांगाड्यावर, ‘सुचव’ उभी होती, त्याची नवी आवृत्ती आली होती आणि तीत चौकट उघडतच नव्हती. ‘तुम्ही दुरुस्त केली नाही, तर आम्हाला दुसरी शोधावी लागेल,’ असं तिनं लिहिलं होतं. दिव्या स्वतः कोल्हापुरात अनिशसारखंच संगणकाचं काम करायची. ‘सुचव’च्या फाइलच्या पहिल्या ओळीत अनिशचं नाव होतं. ते पुसलं जाऊ द्यायचं नाही, एवढंच तिच्या मनानं घेतलं.

श्राद्ध आटोपलं. दुसऱ्या दिवशी दुपारी तिनं अनिशच्या खोलीतला संगणक सुरू केला. खोली वर्षभर बंद होती. खिडकी उघडूनही आत ओल्या जाळ्यासारखा वास होता, आणि समुद्र एका बाजूला, खाडी दुसऱ्या बाजूला असूनही कसलाच आवाज नव्हता.

तिनं एकेक जुनी ओळ काढून नवी घालायला घेतली. त्याची ओळ पुसताना दर वेळी हात अडायचा. चार ओळी झाल्या की तपासून बघायचं. तपासायला नावांची यादी लागते. ती तिनं मुद्दाम रिकामी ठेवली होती. चौकट नुसती उघडते का, एवढंच बघायचं होतं. तिनं ‘ब’ टाइप केला.

चौकट उघडली. खाली एकच शब्द उतरला.

‘बाय’.

थोरली बहीण म्हणून तिला बाय म्हणणारं माणूस जगात एकच होतं. त्याचीच जुनी यादी कुठे राहिली असेल, म्हणून तिनं सगळ्या फाइली धुंडाळल्या. तो शब्द कुठेच नव्हता. तिनं हळूच विचारलं, “अनिश... खंय आसस रे?” आणि ‘ख’ दाबला.

‘खाडयेत नाय’.

मागे कपबशी वाजली. आई चहा घेऊन दारात उभी होती. सुगंधा चौथीपर्यंत शिकलेली, अक्षरं लावून लावून वाचायची. तिनं दोनदा वाचलं.

“ह्यां कोणी लिवल्यान गो?”

“म... माका ठावक नाय, आये.”

सुगंधानं कपबशी खाली ठेवली. मासे कापून चिरा पडलेलं बोट तिनं दिव्याला विचारून ‘आ’वर ठेवलं. खाली ‘आये’ उतरलं. ती रडली नाही. पदरानं संगणकाचा पडदा पुसला, लहान मुलाचं तोंड पुसावं तसा, आणि म्हणाली, “तेका इचार, जेवलो काय?”

‘ज’ दाबल्यावर उत्तर आलं. ‘जेवक नाय’.

त्या दिवसापासून रोज दुपारी सुगंधा भाताचं ताट वाढून संगणकापुढे ठेवू लागली. स्वतः जेवेना. बाजारात मासे न्यायचंही तिनं थांबवलं. हरिश्चंद्र त्या खोलीच्या उंबऱ्याशी येत, आत न बघता परत फिरत. संध्याकाळी ताट उचलताना दिव्याला भात तसाच दिसायचा, फक्त ओला. तिसऱ्या दिवशी तिनं त्यात बोट घातलं. पाणी खारं होतं, आणि तळाला वाळू होती.

काम पुढे सरकत होतं तसे शब्द उशिरा येऊ लागले. ‘आये’ यायला आधी क्षणही लागत नव्हता, आता सुगंधा बोट ठेवून वाट बघत बसायची.

“तू तेका मोडतंस,” ती एका दुपारी म्हणाली. “ह्यां नवीन करू नको गो. जुनांच ऱ्हवांदे. माझो झील आसा थंय.”

“आये, अनिश थंय नाय...” दिव्या म्हणाली, पण तिचं तिलाच पटेना.

आता एकच जुना तुकडा उरला होता. टाइप करणाऱ्याचं बोट थांबेपर्यंत चौकटीनं धीर धरावा, म्हणून अनिशनं तो लिहिला होता आणि त्याला ‘थांब’ नाव दिलं होतं. नव्या आवृत्तीत ते काम फ्रेमवर्कच करायचं. हा तुकडा काढला की संपलं. काढायच्या आधी दिव्यानं एकटीनं विचारलं, “अनिश, काय करू रे?” आणि डोळे मिटून कुठलीतरी कळ दाबली. बराच वेळ काही आलं नाही. मग ‘द’खाली उतरलं, ‘दमलंय’.

तिनं ‘स’ दाबला.

‘सोड’.

दिव्या टेबलावर डोकं ठेवून रडली. मग तिनं तो तुकडा पुसला. ‘ब’ दाबला. ‘आ’ दाबला. चौकट झटकन उघडली, अगदी नव्या आवृत्तीत उघडावी तशी, आणि रिकामी राहिली. खोलीतला वासही गेला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी मालवणला इंटरनेटच्या दुकानात जाऊन तिनं नवी ‘सुचव’ सगळ्यांसाठी खुली केली. पहिल्या ओळीत अनिशचं नाव होतं तसंच ठेवलं. घरी आली तर सुगंधा संगणकापुढे बसून एकेक कळ दाबत होती. तिनं लेकीकडे वळूनही पाहिलं नाही.

“गेलो मां?” एवढंच विचारलं.

“सुटलो तो, आये.”

“कोणी सांगल्यान तुका?”

त्यानंतर पाचव्या दिवशी कोल्हापूरला परतताना दिव्या मालवणला उतरली आणि टपाल बघायला त्याच दुकानात गेली. मार्ताचं पत्र आलं होतं. चौकट छान चालते, मनापासून आभार, असं लिहिलं होतं. खाली आणखी दोन ओळी होत्या.

‘एक शंका. आमच्या संगणकांवर, कुणी काही टाइप करायच्या आधीच, तीत काहीतरी उतरतं. अक्षरं आम्हाला वाचता येत नाहीत. रोज थोडी वाढतात. चित्र जोडलं आहे.’

त्याखाली आणखी तीन पत्रं होती, तीन वेगवेगळ्या देशांतल्या अनोळखी माणसांची. तिन्हींना चित्रं जोडलेली. दिव्यानं मार्ताचं चित्र उघडलं.

‘बाय, ह्यो गाव खंयचो? हय दर्या नाय. माका घराक घेवन चल.’