उजव्या बाजूला दार नव्हतं

विश्वास ठेवायचा की नाही, ते तुमचं तुम्ही ठरवा. मी शपथा घेत बसणार नाही. ज्याच्यावर ही वेळ आली तो माझा सख्खा मामेभाऊ आहे, आणि थापा मारणं त्याला बापजन्मात जमलेलं नाही.

असलं सगळं रात्रीच घडतं म्हणे. हे रविवारी भरदुपारी घडलं, त्याच्या राहत्या घरात.

भावाला आम्ही खटपट्या म्हणतो. घरांच्या आतली सजावट कॉम्प्युटरवर उभी करून दाखवणं हा त्याचा धंदा. कॉम्प्युटर पार म्हातारा, एकेक चित्र व्हायला तासन्‌तास लागायचे. नवा घे म्हटलं की याचं ठरलेलं उत्तर, यात अजून जीव आहे. त्या दिवशी त्याने दुरुस्तीवाल्याकडून एक वापरलेलं ग्राफिक्स कार्ड आणलं आणि आधीच्या कार्डाखाली बसवलं. चित्राचा डावा अर्धा भाग पहिलं कार्ड करणार, उजवा दुसरं.

वहिनी बाहेर गेली होती. पाच वर्षांची ठमी बाहेरच्या खोलीत तीनचाकी फिरवत होती. तिच्यासाठी गॅसवर दूध ठेवून खटपट्या कामाच्या खोलीत आला. खोलीला खिडकी नाही. दार त्याने नुसतं लोटलं होतं.

कार्ड तपासायची त्याची एक पद्धत होती. याच खोलीचं हुबेहूब चित्र त्याने करून ठेवलं होतं. टेबल, कपाट, उजवीकडे दार. कुठे काय आहे ते पाठ असल्यामुळे चूक लगेच सापडायची.

चित्र उमटू लागलं. डावा भाग अगदी बरोबर.

उजव्या भागात... नुसती भिंत.

दुरुस्तीवाल्याने टोपी घातली म्हणून तो वैतागला. चित्र पुन्हा करायला लावलं.

पुन्हा भिंतच. आणि या वेळी तिच्यावर ओरखडे होते... नखांचे.

मग त्याच्या लक्षात आलं, तीनचाकीचा आवाज येत नाहीये.

त्याने मान वळवली.

उजवीकडे भिंत होती.

त्याने हात फिरवला. गार, सलग भिंत. फट नाही, बिजागरी नाही. दोन्ही मुठींनी तो भिंत बडवू लागला.

पलीकडून, फार लांबून आल्यासारखा, ठमीचा आवाज आला.

"बाबा, दार कुठे गेलं?"

"तिथेच थांब. मी येतो."

"दूध उतू जातंय. मी गॅस बंद करू?"

"हात लावू नकोस, ठमे!"

कान देऊन ऐकायला तो बडवायचा थांबला. आवाज मात्र थांबला नाही...

ठक. ठक.

याच भिंतीवर. आतून. त्याच्या अगदी शेजारी.

शेजारी कोणी नव्हतं.

त्याने झेप घेऊन कॉम्प्युटरचं बटण बंद केलं, वायर उपटली. पडदा काळा झाला. एका कार्डाचा पंखा थांबला.

दुसऱ्याचा फिरतच राहिला...

कॉम्प्युटरच्या डब्याचं झाकण काढून त्याने ते कार्ड धरलं. बोटं भाजली, तरी सोडलं नाही. सगळा जोर लावला तेव्हा कुठे ते निघालं.

दार जागेवर होतं. मघाशी लोटलेलं, तसंच.

तो स्वयंपाकघरात धावला. ठमी स्टुलावर चढून ज्योतीजवळच्या बटणाकडे हात नेत होती. त्याने तिला उचललं आणि गॅस बंद केला. ती त्याच्या खांद्यावरून खोलीकडे बघत होती.

"बाबा, तो काका आतच राहिला."

"कोण काका?"

"तुझ्याबरोबर दार वाजवत होता तो."

दुसऱ्या दिवशी खटपट्याने दुरुस्तीवाल्याला गाठलं. तो आधी उडवाउडवी करत होता, मग बोलला. कार्डाचा मालक हेच काम करायचा. घरचे बाहेरगावी असताना कामाच्या खोलीचं कुलूप बिघडलं आणि तो आत अडकला. लोकांना कळलं तेव्हा उशीर झाला होता.

कार्ड परत घ्यायला दुरुस्तीवाला तयार नव्हता. फेकून द्यायला खटपट्याचं मन धजेना. ते आता त्याच्या टेबलाच्या कप्प्यात आहे.

परवा मी गेलो तेव्हा कप्पा अर्धा उघडा होता. मी सहज लोटायला गेलो, तर त्याने माझा हात धरला.

"राहू दे. बंद केला की वाजतं."

घरी आल्यापासून मीही आमचे कप्पे पूर्ण लावत नाही.